चालू करताना काय बंद केलं?

गेवराई तालुक्यातलं तलवाडा पंचक्रोशीला माहीत आहे ते त्वरितादेवीमुळे. त्वरिता म्हणजे विलंब न लावता धावून येणारी. कॉम्प्युटर अडला की गावाला अशाच धावून येणाऱ्याची गरज पडते, आणि तो माणूस गावात क्वचितच असतो. तो गेवराईच्या दुकानात असतो, संभाजीनगरला उपकरण विकणाऱ्या कंपनीच्या सेवाकक्षात असतो, किंवा पुण्याला नोकरीला गेलेला घरातलाच मुलगा असतो. मग फोनवर तेच एक वाक्य ऐकू येतं : "एनीडेस्क लाव, आयडी सांग, रिमोट घेतो." पाच मिनिटांत पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागतो, खिडक्या उघडतात, मिटतात, आणि पलीकडून आवाज येतो, "झालं चालू." खेड्यापाड्यांतल्या मशीन दुरुस्त करणं, त्यांच्यावर दुरून काम करण्याची सोय बसवणं आणि ती बिघडली की उलगडणं या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. घरच्या कॉम्प्युटरला असलेला मोठा धोका बिघाडातून येत नाही, बिघाड ज्या रीतीने 'दुरुस्त' होतो त्या रीतीतून येतो. "झालं चालू" हे शब्द ऐकू आले की लगेच विचारावं असा एक प्रश्न आहे, आणि तो कोणीच विचारत नाही : चालू करताना काय बंद केलं?

आधी या सोयीचं मोल मान्य केलं पाहिजे, नाही तर पुढचं सगळं बोलणं शहरी शहाणपण ठरेल. गावातल्या अनेक घरांत पुढच्या खोलीतच आपले सरकार सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचं छोटं दुकान असतं. एकच मशीन दिवसा सातबारा काढते, पीकविम्याचा अर्ज भरते, पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी थंब घेते आणि रात्री मुलाच्या अभ्यासाला लागते. थंबचं यंत्र विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर ओळखू येईनासं होतं, त्याची आरडी सर्व्हिस बंद पडते, प्रिंटर रुसतो. (इथला आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस, रिमोट डेस्कटॉप नव्हे. दोन्हींची गल्लत नेहमी होते, आणि तिचाही फायदा घेणारे आहेत.) अशा वेळी मशीन पोत्यात गुंडाळून एसटीने गेवराईला न्यायची, दोन दिवस दुकानात ठेवायची आणि तेवढे दिवस रांग परत पाठवायची, यापेक्षा दुरून दुरुस्ती कितीतरी स्वस्त आणि शहाणपणाची आहे. ज्याला या दुरुस्तीतला धोका सांगायचा आहे त्याने ही सोय बंद करा असं सांगू नये. तसं सांगणाऱ्याचं कोणी ऐकणार नाही, आणि न ऐकणाऱ्याचं बरोबरच असेल.

दुरून काम करण्याच्या ढोबळ दोन रीती आहेत, आणि त्यांतला फरक कळला की निम्मे घोळ सुटतात. पहिली रीत मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्येच असलेल्या रिमोट डेस्कटॉपची. २००१ सालच्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून ही सोय साध्या कॉम्प्युटरवर आली. ती ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या एका ठरावीक दारावर, येणाऱ्याची वाट पाहत बसते. दुसरी रीत एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारख्या प्रोग्रामची. त्यांत घरची मशीन स्वतःच बाहेर पडून कंपनीच्या सर्व्हरला गाठते, मदतनीसही तिथेच येतो, आणि दोघांची गाठ मधल्या मध्ये पडते. पहिल्या रीतीत घरच्या मशीनचा पडदा कुलूपबंद होतो, समोर बसलेल्याला आत काय चाललंय ते दिसत नाही. दुसऱ्या रीतीत एरवी दोघांना एकच पडदा दिसतो. आई-वडिलांच्या मशीनवर मुलाने काम करायचं असेल तर दुसरी रीत बरी, कारण आपल्या मशीनवर काय होतंय हे दिसणं हेच मोठं संरक्षण आहे. आता मौज अशी की लॅपटॉपसोबत बहुतेकदा विंडोजची 'होम' आवृत्ती येते, आणि तिच्यात पहिल्या रीतीने बाहेरून आत येण्याची सोय मुळात दिलेलीच नाही. त्या मशीनवरून दुसरीकडे जाता येतं, तिच्यात कोणाला येता येत नाही. ही गोष्ट एका ओळीत सांगून 'त्यापेक्षा दुसरी रीत वापरा' म्हणता येतं. प्रत्यक्षात मात्र नेटवरून कुठलंसं ठिगळ आणून लावलं जातं. ते ठिगळ अँटीव्हायरसला खपत नाही म्हणून अँटीव्हायरस बंद होतो, आणि दर अपडेटनंतर ते उसवतं म्हणून अपडेट बंद होतात. एका नसलेल्या सोयीपायी दोन असलेली संरक्षणं गेली, आणि गिऱ्हाइकाच्या लेखी काम झालं.

हे एखाद्या ठिकाणचं नाही, या कामाचा हा ठरलेला साचा आहे. विंडोजमध्ये एक फार समंजस नियम आहे : ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने मशीनसमोर बसून काम करावं, नेटवर्कवरून आत येऊ नये. घरच्या मशीनला पासवर्ड ठेवायचा सगळ्यांना कंटाळा, त्यामुळे रिमोटने आत जाता येत नाही. यावर उपाय एकच, पासवर्ड ठेवणे. पण नेटवरच्या दुरुस्तीच्या व्हिडिओंत दाखवतात तो उपाय म्हणजे तो नियमच काढून टाकणे. २०१८ च्या मार्चमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीतली एक त्रुटी मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केली आणि मे महिन्यात ती दुरुस्ती सक्तीची झाली. एक मशीन अपडेट केलेली आणि दुसरी जुनीच असेल, तर जोडणी नाकारली जाऊ लागली. करायचं होतं ते एवढंच की मागे राहिलेली मशीन अपडेट करायची. सर्वत्र पसरला तो सल्ला वेगळा होता : अमुक ठिकाणी जा आणि तिथल्या तीन पर्यायांतला तिसरा निवडा. त्या तिसऱ्या पर्यायाला खुद्द मायक्रोसॉफ्टने दिलेलं नाव होतं 'व्हल्नरेबल', म्हणजे असुरक्षित. नाव वाचूनही लोकांनी तो निवडला, कारण तो निवडताच जोडणी होत होती. तिसरा नमुना तर रोजचा. मदतनीस ड्रायव्हर टाकायला जातो, विंडोज परवानगीची चौकट दाखवते, आणि त्याच क्षणी पलीकडचा पडदा काळा पडतो किंवा बाण गोठतो. ही चौकट घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने दाबावी म्हणूनच ती अशी वेगळी ठेवलेली आहे. फोनवर "आता 'यस' दाबा" एवढं सांगितलं तर भागतं. पण दर वेळी सांगायचा त्रास नको म्हणून ती चौकटच कायमची काढून टाकली जाते. तिन्ही ठिकाणी बिघाड एवढाच होता की पहारेकऱ्याने ओळख विचारली. आपण ओळख दाखवायची सोडून पहारेकऱ्यालाच घरी पाठवलं.

असं का होतं, याचं कारण दुष्टाव्यात नाही आणि आळसातही फारसं नाही. निदानाची शिस्त नसते, हे खरं कारण. ताप आला की डॉक्टरने तपासण्याआधीच सलाइन लावावं, तशी इथे फायरवॉल बंद करून सुरुवात होते. खरं तर रिमोट न लागण्याची कारणं पायरीपायरीने तपासता येतात, आणि खेड्यात ती बहुतेकदा अगदी खालच्या पायऱ्यांवर सापडतात. लाइट आहे का? मशीन इन्व्हर्टरवर चालू असते पण राउटर साध्या बोर्डावर, त्यामुळे भारनियमनात मशीन जागी आणि नेट मेलेलं, हे दृश्य नेहमीचं. लाइट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होते का? तशी सोय बायोसमध्ये असते आणि तिथे ती चालू करावी लागते. मशीन झोपी तर जात नाही? काही मिनिटं हात लागला नाही की ती झोपते, आणि झोपलेल्या मशीनला बाहेरून हाक ऐकू येत नाही. राउटरने घरातला पत्ता बदलून तर दिला नाही? राउटरमध्ये त्या मशीनसाठी एक पत्ता राखून ठेवला की हा प्रश्न संपतो. मग रिमोटची सेवा चालू आहे का, फायरवॉलमध्ये त्या एका सेवेपुरता नियम आहे का, आणि सगळ्यात शेवटी नाव व पासवर्ड बरोबर आहे का. रिमोट डेस्कटॉप मशीनचा चार आकडी पिन स्वीकारत नाही, खात्याचा खरा पासवर्ड मागतो, आणि तो कोणाच्याच लक्षात नसतो. या यादीत 'फायरवॉल पूर्ण बंद करा' ही पायरी कुठेच येत नाही. चाचणीसाठी दोन मिनिटं बंद केली तर तेही समजू शकतं, पण ती दोन मिनिटं वर्षानुवर्षं चालतात.

राउटरचं पोर्ट उघडण्याचा प्रकार तर निदानाशिवायच्या मेहनतीचा उत्तम नमुना आहे. बाहेरगावाहून थेट रिमोट डेस्कटॉपने घरी यायचं म्हणून राउटरमध्ये ३३८९ चं दार बाहेरच्या जगासाठी उघडलं जातं. खेड्यात बरेच जण मोबाइलच्या नेटवर किंवा सिमवाल्या राउटरवर असतात. तिथे कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते आणि आतून प्रत्येकाला वेगळा, खास या कामासाठी राखून ठेवलेला पत्ता देते. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर घरी कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी पोहोचत नाही. हे एका नजरेत कळण्यासारखं आहे. तरी तासभर खटपट होते, आणि त्या खटपटीत राउटरचा पासवर्ड मूळ कारखान्याचा होतो, फायरवॉल उतरते, मशीन उघडी पडते. पुढे घरी फायबर येतं, स्वतंत्र पत्ता मिळतो, आणि जुन्या खटपटीत उघडी राहिलेली मशीन एक दिवस खरोखरच जगासमोर येते. बाहेरून नियमित यायचंच असेल तर आधी व्हीपीएनचा खासगी बोगदा आणि मग त्यातून रिमोट, हा मार्ग आज फुकट आणि सोपा आहे. दार बाहेर न काढता काम होतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त वाटतो : आमच्या घरच्या मशीनमध्ये आहे काय, आणि तलवाड्यापर्यंत येतंय कोण? येणारा तलवाडा शोधत येत नाही, तो पत्ते मोजत येतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. ते सगळे एका साध्या सर्व्हरवरून, वेगवान जोडणी असेल तर, पाऊण तासाच्या आत ठोठावून पाहता येतात, हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ सालीच करून दाखवलं. त्यामुळे ३३८९ ऐवजी दुसरा क्रमांक ठेवला की आपण लपलो, हा समजही फार टिकत नाही. आणि पासवर्ड चांगला असला म्हणजे झालं असंही नाही. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाने गाजलेली त्रुटी अशी होती की विंडोज ७ आणि त्याहून जुन्या मशीनमध्ये पासवर्ड विचारला जाण्याच्या आधीच शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टला ती इतकी गंभीर वाटली की सेवा केव्हाच थांबवलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. विंडोज ७ ची सेवा जानेवारी २०२० मध्ये संपली, विंडोज १० ची ऑक्टोबर २०२५ मध्ये. गावातल्या किती मशीनवर अजून हीच विंडोज 'मारलेली' आहे, हे ज्याचं त्याने पाहावं. राहिला प्रश्न आत काय आहे याचा. सेवा केंद्राच्या मशीनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये गावातल्या शेकडो माणसांची आधार कार्डं, बँक पासबुकांची पहिली पानं आणि सातबारे पडलेले असतात. मशीन आपली असते, आतला ऐवज गावाचा असतो.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे : रिमोट घेणारा ओळखीचाच माणूस आहे, त्याच्यावर अविश्वास दाखवायचा का? विश्वासाचा प्रश्न तो आल्यावर नव्हे, तो गेल्यावर उभा राहतो. पुन्हा पुन्हा आयडी विचारायला नको म्हणून कायमचा पासवर्ड घालून ठेवला जातो. त्या पासवर्डला माणूस ओळखता येत नाही. तो ज्याच्या हाती पडेल त्याचा होतो : मदतनीसाच्या दुकानातल्या पोऱ्याचा, त्याच्या हरवलेल्या मोबाइलचा, त्याच्या स्वतःच्या मशीनमध्ये शिरलेल्या चोराचा. शेकडो गिऱ्हाइकांना 'लक्षात राहावा' म्हणून एकच पासवर्ड देणारे दुकानदार प्रामाणिकच असतात, पण त्यांच्याकडचं एक घर फुटलं की सगळी आळी फुटते. प्रोग्राम बनवणारी कंपनीही याला अपवाद नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच्याच सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं आणि लोकांना संकेतस्थळावरचे पासवर्ड बदलायला व नवी आवृत्ती घ्यायला सांगितलं. म्हणून मदत दर वेळी मागून घ्यावी. विंडोजमधल्या 'क्विक असिस्ट'चा कोड दहा मिनिटांत शिळा होतो, आणि त्याची खरी किंमत त्या शिळं होण्यातच आहे. मुलाला कायमचा प्रवेश हवाच असेल तर लांब, वेगळा पासवर्ड, त्याच्यावर दुसरी पडताळणी, आणि फक्त त्याच्या एका आयडीला परवानगी, एवढं बसवायला अर्धा तास पुरतो. कोण कधी आलं होतं याची नोंद मशीन स्वतः ठेवते. ती महिन्यातून एकदा उघडून पाहिली तर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही, हिशोब पाहिल्यासारखं होतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे : वेळ. खरिपाच्या पीकविम्याची मुदत जुलैअखेर संपत आलेली, ओट्यावर रांग लागलेली, पोर्टल मधूनच चालतंय, आणि अशा वेळी थंबचं यंत्र बंद. तेव्हा पायरीपायरीने निदान कोण करणार? खरं आहे, त्या तासाला नाही करता येणार. त्या तासाला अँटीव्हायरस थांबवून ड्रायव्हर टाकणं भाग पडू शकतं. अनेक उपकरणांच्या सूचनांमध्येच तसं लिहिलेलं असतं, आणि हा दोष वापरणाऱ्याचा नाही, बनवणाऱ्याचा आहे. माझं म्हणणं त्या तासाबद्दल नाहीच. शेतात मोटर चालेना तर रात्री वायर जोडून पाणी देतात, कारण पीक वाळू द्यायचं नसतं. पण सकाळी ती उघडी वायर तशीच ठेवून कोणी शेतात पोरं नेत नाही. घाईत बंद केलेलं संध्याकाळी परत चालू करायचं, एवढीच अपेक्षा आहे. घाई हे बंद करण्याचं कारण असू शकतं. महिनाभर बंदच ठेवण्याचं ते कारण नाही.

या सवयीचा शेवट कुठे होतो, ते फसवणुकीच्या तक्रारींत दिसतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एका पद्धतीबद्दल सावध केलं : फोन करणारा बँकेचा माणूस असल्याचं भासवतो, एनीडेस्क घ्यायला लावतो, त्यातला नऊ आकडी क्रमांक विचारतो, परवानग्या देववतो आणि यूपीआयने पैसे काढतो. या चोरीत कुलूप तोडलेलं नाही. घरमालकाने स्वतः दार उघडलेलं आहे. अँटीव्हायरस इथे गप्प बसतो, कारण प्रोग्राम खरा, सही खरी, परवानगीही खरी. माणूस इतक्या सहज फसतो, कारण रोजच्या खऱ्या दुरुस्तीने त्याला हेच शिकवलेलं असतं : आयडी सांगायचा, सगळ्याला 'अलाऊ' म्हणायचं, आणि पलीकडचा काय करतोय ते विचारायचं नाही. चोराने नवं काही शोधलं नाही, आमचीच रीत उचलली. म्हणून याची पहिली जबाबदारी आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांवर येते. प्रत्येक परवानगीचा अर्थ सांगणारा मदतनीस गिऱ्हाइकाला चोरापासूनही वाचवतो, न सांगणारा त्याला चोरासाठी तयार करतो. कायद्याचा आधारही मर्यादित आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार गुप्त माहिती ग्राहकानेच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याने सोसायचं, कळवल्यानंतरचं बँकेने. म्हणजे दर मिनिटाला किंमत आहे. तसं काही झाल्याचं लक्षात येताच आधी नेट तोडावं, मग बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावं, आणि तलवाड्याच्या पोलीस ठाण्यात नंतर जावं. मशीन लगेच पुसून नवी विंडोज मारू नये, कारण त्यात पुरावा जातो.

एक सूचना करून थांबतो, आणि तिला पैसे लागत नाहीत. प्रत्येक सेवा केंद्रात अर्जांची वही असते. तिच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखावेत : तारीख, रिमोट कोणी घेतला, काय बंद केलं किंवा उघडलं, परत केव्हा पूर्ववत केलं. घरच्या मशीनसाठी हेच पान कॉम्प्युटरच्या टेबलावर चिकटवावं. फोनवरचा माणूस "झालं चालू" म्हणाला की त्याला तिसऱ्या रकान्याचा प्रश्न विचारावा आणि तो सांगेल ते त्याच्यासमोर लिहून घ्यावं. चांगला मदतनीस उत्तर देईल, कदाचित जाता जाता स्वतःच सगळं पूर्ववत करून जाईल. जो उत्तर देणार नाही त्याला पुन्हा आयडी सांगू नये. आणि रात्री शटर ओढण्याआधी चौथा रकाना भरलेला असावा.